लॉकडाउनमध्ये अडकलेले रजिस्टर पत्र आणि उलटून गेलेली मुदत

फोंडेकर (जुलै 2020)

माझ्या वडिलांच्या आरोग्यविम्याचा दावा नाकारल्याचे कंपनीचे पत्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून रजिस्टर पोस्टाने निघाले आणि फोंडा तालुक्यातील आमच्या घरी जूनच्या अखेरीस पोचले. पत्राच्या तारखेपासून 30 दिवसांत लेखी म्हणणे न आल्यास प्रकरण बंद समजले जाईल, असे त्यात नमूद केले आहे. पत्र हातात पडले तेव्हा ही मुदत संपून दोन महिने होऊन गेले होते. कंपनीत फोन केला असता, टपाल ही अत्यावश्यक सेवा असल्याने ती बंद नव्हती, एवढेच उत्तर मिळाले. ते खोटे म्हणता येत नाही, कारण एप्रिलमध्ये पोस्टमन शेजारच्या आजींना बोटाचा ठसा घेऊन दारातच पैसे देऊन गेल्याचे आम्ही पाहिले आहे. मग पत्र अडकले कोठे, आणि हा उशीर आमच्यामुळे झाला नाही हे कंपनीला कसे पटवून द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टपाल-निवृत्त, पणजी

कार्यालय उघडे होते, पण टपालाच्या थैल्या हलत नव्हत्या. आपल्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. मुंबईहून गोव्याला येणारे टपाल एरवी प्रवासी गाड्यांतून आणि विमानांतून येते, त्यासाठी स्वतंत्र गाडी नसते. 22 मार्चनंतर प्रवासी रेल्वे थांबली, 25 मार्चपासून देशांतर्गत विमाने थांबली आणि तालुक्यातून गावोगाव जाणारी बसही थांबली. दारात मिळालेल्या पैशांचे म्हणाल, तर ते आधार क्रमांकावर बँक खात्यातून वळते होतात. त्यासाठी बाहेरगावाहून काहीच यावे लागत नाही, पोस्टमनकडे यंत्र आणि रोकड असली की पुरते.

एप्रिलमध्ये टपाल खात्याने आपल्या गाड्या जोडून देशभर रस्त्याने वाहतूक सुरू केली, तसेच रेल्वेने पार्सलसाठी खास गाड्या सोडल्या. परंतु त्यांत पहिला मान औषधे, चाचणीसंच आणि वैद्यकीय सामग्रीला होता, आणि माझ्या मते तो रास्तच होता. साध्या व रजिस्टर टपालाचा साचलेला ढीग खऱ्या अर्थाने उपसला जाऊ लागला तो 25 मेला विमाने आणि 1 जूनला आणखी रेल्वेगाड्या सुरू झाल्यावर. त्यातही कर्मचारी कमी होते आणि मुंबईतील लोकल सामान्य प्रवाशांना बंद होत्या. अशा वेळी वर्गीकरणाला किती हात उपलब्ध असतील, याचा विचार करावा.

पुराव्याविषयी सांगायचे तर पाकीट फेकू नका. त्याच्या मागच्या बाजूस बटवडा करणाऱ्या कार्यालयाचा तारखेचा शिक्का असण्याची शक्यता असते. तो पुसट असेल तर तिरप्या उजेडात धरून छायाचित्र काढा. बारकोडखाली 'आर'ने सुरू होऊन 'आयएन'ने संपणारा तेरा अक्षरांचा क्रमांक असतो. तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकल्यास थैली केव्हा निघाली आणि केव्हा उघडली, यांच्या नोंदी दिसतात. या नोंदी कायम राहत नाहीत, म्हणून त्यांची छापील प्रत आजच काढून ठेवा.

वकील, म्हापसा

वरील प्रतिसादात एका मुद्द्याची भर घालतो, कारण याबाबत बराच गैरसमज पसरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 रोजी स्वतःहून दखल घेऊन 15 मार्चपासूनच्या मुदती पुढील आदेशापर्यंत वाढवल्या. मात्र तो आदेश न्यायालये व न्यायाधिकरणे यांच्यापुढील दावे, अर्ज आणि अपिले यांच्यासाठी आहे. कंपनीने स्वतःच्या पत्रात घातलेल्या 30 दिवसांना तो आपोआप लागू होत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. पत्र प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख नमूद करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी म्हणणे पाठवा. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. 2017 च्या नियमांनुसार त्यासाठी एक वर्षाची मुदत असते, आणि कंपनीने आपले म्हणणे फेटाळल्यास ती त्या निर्णयाचे पत्र *मिळाल्यापासून* मोजतात. गोव्यातील तक्रारी मुंबईच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात, वकील नेमावा लागत नाही आणि शुल्कही नसते. टपाल खात्याकडून भरपाई मागण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. 1898 च्या टपाल कायद्याच्या कलम 6 ने उशिराची जबाबदारी जवळपास पूर्णपणे झटकलेली आहे.

मडगावकर

आमच्या घरी याच्या उलट अनुभव आहे. भावाच्या पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद मार्चमध्ये लिस्बनला पाठवले होते. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाल्यावर ट्रॅकिंगवरील नोंद मुंबईला येऊन जी थांबली ती थांबलीच. परदेशी टपाल बहुतांशी प्रवासी विमानांच्या पोटातूनच जाते, हे आम्हाला तेव्हा कळले. मूळ दाखले पाठवायचे असतील तर तूर्त थांबावे, असे माझे मत आहे.

फोंडेकर

सर्वांचे आभार. पाकिटावर जूनच्या अखेरचा शिक्का आहे आणि तो वाचता येतो. म्हणणे ईमेलने पाठवले तर चालेल की पुन्हा टपालानेच पाठवावे?

वकील, म्हापसा

दोन्ही मार्गांनी पाठवा. ईमेल आजच करा, त्याला पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र व ट्रॅकिंगची प्रत जोडा, आणि तीच कागदपत्रे स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. शुक्रवारपासून तीन दिवस गोव्यात पुन्हा लॉकडाउन आहे, तेव्हा पोस्टातले काम त्याआधी उरकावे.