आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर येणारी बाबांची एस्टीम: इंजिनावर खर्च करावा का?

वरची_आळी
घर देवरुखला, नोकरी कोल्हापुरात. दर शनिवारी आंबा घाट उतरायचा, रविवारी संध्याकाळी चढायचा. गाडी बाबांची. २००३ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय, एमएच-०८, १२९८ सीसी, पहिल्यापासून एकाच घरात, एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी स्टिअरिंग माझ्याकडे दिलं, पण डावीकडे बसून क्लच अजून तेच दाबतात.

एकटा असलो की गाडी मजेत जाते. चौघं जण, डिकीत हापूसच्या चार पेट्या आणि एसी चालू असला, की साखरपा सोडल्यावर तिसऱ्यात तिला दम लागतो. दुसरा टाकावाच लागतो. मागचा हॉर्न द्यायला लागला की बाबा खिडकीबाहेर बघत बसतात.

कोल्हापूरचा एक मित्र गाड्यांचा वेडा आहे. त्याचं म्हणणं: हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढून पोर्ट-पॉलिश (आतल्या हवेच्या वाटा घासून गुळगुळीत करणं), हेड थोडं प्लेन (खालून घासून सपाट) करून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) वाढव, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप), फ्री-फ्लो (मोकळा) सायलेन्सर, कोन फिल्टर (उघडा हवेचा फिल्टर). सगळं मिळून सत्तर हजार. त्याहून हौस असेल तर जुन्या बलेनोचं १.६ इंजिन शोधू, म्हणतो. गाडी विकायला काढली तर सत्तर हजार तरी येतील का, शंका आहे. पण विकायची नाहीच. करू का?

खाडीकाठ
नका करू. नवी असताना हिची ताकद ८५ बीएचपी होती. बावीस वर्षांनी त्यातली किती शिल्लक आहे हे न बघता त्यावर आणखी दहा चढवायला निघालात.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही प्लग काढायचे, गेज लावायचं, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा. अर्ध्या तासाचं काम. शिवाय थर्मोस्टॅट, इंजिन माउंटिंग, क्लच प्लेट आणि पुढच्या ब्रेकचे कॅलिपर अडकतायत का ते बघा. मी बघितलेल्या निम्म्या ‘पिकअप गेला’ गाड्यांत एक चाक ब्रेक धरून फिरत होतं.

आणि कोन फिल्टर कोकणात लावणाऱ्याला मी हात जोडतो. मे महिन्यात जांभ्याच्या रस्त्यावर पुढे एक डंपर असू दे, मग बघा. ती लाल धूळ पिठासारखी बारीक असते. कंपनीचा कागदी फिल्टर डब्यात बंद असतो आणि बाहेरची थंड हवा घेतो. कोन उघडा बसतो, बॉनेटमधली तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद कमीच. पैसे देऊन कमी.

चौथा_गिअर
सगळे मास्तर झालेत इथे. माझ्याकडे २००१ ची एस्टीम होती, १६ व्हॉल्व्हवाली. हेडर, सायलेन्सर, पोर्टिंग, सगळं केलं होतं. बीएचपीचा आकडा सांगणार नाही, कारण डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवलीच नव्हती आणि न चढवता आकडे सांगणारे मला आवडत नाहीत. पण परशुराम घाटात तिसऱ्यात ओढायची, चार हजारांच्या पुढे तर वेगळीच गाडी.

गाडीच्या किमतीएवढा खर्च, म्हणून वेडेपणा? गणपतीच्या पाच दिवसांच्या मखराला पंधरा हजार घालताना आपण मखराची रीसेल बघतो का? हौसेला मोल नसतं. ही माणसाच्या बाबांची गाडी आहे, ओएलएक्सवरची नाही.

कोन फिल्टरचं मात्र खाडीकाठ म्हणतात ते बरोबर. तो लावू नको.

खाडीकाठ
‘चार हजारांच्या पुढे’ हे तुम्हीच लिहिलंत, बरं झालं. या इंजिनाची पूर्ण ताकद साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर मिळते. हेडर आणि मोकळा सायलेन्सर त्या वरच्या टोकाला मदत करतात. चौघांना घेऊन घाट चढणारा माणूस असतो दोन-तीन हजारांत. तिथे मोठ्या व्यासाच्या सायलेन्सरने टॉर्क उलट पडू शकतो.

साधा हिशोब करा. रिकामी एस्टीम पावणेनऊशे किलोच्या आसपास. चार माणसं आणि चार पेट्या म्हणजे सव्वातीनशे किलो वर. गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओझं. त्यात एसीचा कॉम्प्रेसर. दुसऱ्या गिअरवर येणं हा आजार नाही हो, गिअर त्यासाठीच असतात.

ती एस्टीम विकलीत का, तेही सांगा.

चौथा_गिअर
आवाजामुळे. बायकोची तक्रार नव्हती, माझीच होती. सत्तरच्या वेगाला केबिनमध्ये जो घुम्म आवाज बसायचा, तो हातखंब्यापासून पनवेलपर्यंत उतरायचा नाही. कबूल. म्हणून सायलेन्सर कंपनीचाच ठेवावा, हेडर पुरे.

स्टॅम्पपेपर
बलेनोच्या इंजिनाबद्दल कोणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं: बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. १२९८ सीसीच्या आरसीवर १५९० सीसीचं इंजिन आणि वेगळा इंजिन नंबर घेऊन तुम्ही पुनर्नोंदणीला उभे राहणार. पंधरा वर्षं २०१८ मध्ये संपली, मग दर पाच वर्षांनी. म्हणजे पुढची २०२८. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण.

पोर्ट आतून घासला तर तो आरसीवर दिसत नाही, हे मी लिहिलेलं नाही असं समजा.

सुरंगी
मी गुहागरला असते, आमच्याकडे गाडी आधी खालून गंजून जाते आणि मग इंजिनाने. खारी हवा आणि पाच महिने पाऊस. धागाकर्त्याने गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा, सस्पेन्शनची आर्म जिथे बसतात ती जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितल्यात का? स्क्रूड्रायव्हर आत गेला तर सत्तर हजार तिथे घाला.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, तेही सांगा. डॉट-३ ताजं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलं की उकळबिंदू १४० च्या आसपास येतो. घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल मऊ का पडतं, त्याचं हे एक कारण.

टायरचं विचारतच नाही. बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. वाचा.

डबलबेल
मी एकतीस वर्सां एसटी चलवलंय. फोंडा, करूळ, आंबोली, सगळे घाट. चढ कोणाक मारणा नाय. मारता तो उतार. ज्या गिअरात चढलंस त्याच गिअरात उतर. पयली गाडी थांबवूक शिक, मगे पळव. मागलो हॉर्न मारता तर मारूदे, त्येका काय, त्येचो हात.

वरची_आळी
काल टेस्ट केली. एक नंबर १७५, दोन १७२, तीन १३८, चार १७० पीएसआय. मेकॅनिकने तीन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मारली, तर १४२. म्हणजे पिस्टनची रिंग नाही, व्हॉल्व्ह लीक आहे म्हणाला. चौघं बसल्यावर दम लागायचा त्यातला काही हिस्सा इथलाच असणार.

सुरंगीताई, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बाबांनाही आठवत नाही, आणि बाबांना पेट्रोलचा २००३ चा भाव आठवतो. टायर २०१७ चे आहेत. पत्रा ठीक, फक्त मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत स्क्रूड्रायव्हर गेला.

हेड मात्र आता उतरवावंच लागणार.

चौथा_गिअर
मग झालं की! हेड टेबलावर येणारच आहे. गॅस्केट नवं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सील, सगळी मजुरी पडणारच. त्यात पोर्टमधला कार्बन आणि ओतकामाच्या कडा घासून काढायला तीन-चार तास जास्तीचे. एवढं न करणं म्हणजे विहीर उपसायला माणसं लावून गाळ तसाच ठेवण्यासारखं आहे.

खाडीकाठ
कडा साफ करा, हरकत नाही. पोर्ट मोठा करायचा नाही. मोठ्या पोर्टमधून हवा कमी फेऱ्यांवर संथ वाहते आणि आपण परत तिथेच येतो. आणि हेड वाकलं असेल तेवढंच प्लेन करायचं, कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी नाही.

चौथा_गिअर
कॉम्प्रेशनचं मी मानत नाही. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, त्याचं ऑक्टेन जास्त. थोडं वाढवलं तर खपून जाईल.

खाडीकाठ
ऑक्टेन जास्त, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी. बावीस वर्षांच्या रबरी पेट्रोल नळ्यांना ते मानवत नाही, हा मुद्दा वेगळाच. त्या नळ्या आधी बदला. पुढे कधी पंपावर काय मिळेल त्याचा भरवसा धरून हेड कापायचं नसतं, कापलेलं परत चिकटत नाही.

वरची_आळी
सोमवारी हेड उतरतंय. व्हॉल्व्ह, सील, टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या. पोर्टच्या कडा साफ करायला सांगितल्या, तेवढाच मित्राचा मान. ब्रेक ऑइल, पॅड आणि चार टायर. कमानीचा पत्रा पावसाआधी. बेरीज एकूणसाठ हजारांवर गेली, म्हणजे हौसेचे नाहीत तरी पैसे लागलेच. बाबांनी यादी चष्मा लावून दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, “आवाज तोच राहील ना?”

हेडरचं अजून ठरत नाही.

चौथा_गिअर
माझं हेडर संगमेश्वरला माळ्यावर पडलंय. गाडी विकताना काढून ठेवलं होतं. पैसे नकोत, येऊन घेऊन जा.

खाडीकाठ
घेऊ नका.

सुरंगी
घ्या, पण लावू नका.