रजेवरून परतले तर एसईओचे आकडेच बदललेले. आता शिकायचं काय?

गोदाकाठची
एजन्सीत एसईओ (साइट गूगल शोधात वर आणण्याचं काम) करते, सात वर्षं झाली. जुलै २०२५ ते जानेवारी २०२६ बाळंतपणाच्या रजेवर होते. आल्यावर मोठ्या क्लायंटचं (सोलर वॉटर हीटरची विक्री आणि दुरुस्ती) सर्च कन्सोल (शोधातले साइटचे आकडे दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं. सप्टेंबरच्या मध्यात इम्प्रेशन्स (निकालांत साइट किती वेळा दिसली) धाडकन खाली, सरासरी पोझिशन उलट सुधारलेली, आणि क्लिक्स त्याआधीपासूनच हळूहळू उतरतायत. क्लायंट म्हणतो, मॅडम नव्हत्या म्हणून साइट पडली. वरिष्ठ म्हणतात, महिन्याला ४० लेख एआयकडून काढ, तू फक्त नजर फिरव.

पडझड नेमकी कशाची, ते कसं दाखवू? आणि पेड सर्चकडे (गूगलवरच्या जाहिरातींकडे) वळावं का? आजवर भर कंटेंट आणि ऑन-पेजवर (पानातल्याच सुधारणांवर) होता. बाळामुळे शिकायला रोज तासभरच मिळतो.

आकडेमोड
दोन वेगळ्या गोष्टी एकाच आलेखात मिसळल्यात, आधी त्या सोडवा.

सप्टेंबरची घसरण तुमची नाही, क्लायंटचीही नाही. एका पानावर १०० निकाल मागवायची सोय गूगलने सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केली. रँक ट्रॅकरचे (साइटचा क्रमांक तपासणाऱ्या साधनांचे) बॉट तीच वापरायचे आणि ७०-८०व्या क्रमांकावरच्या पानांनाही इम्प्रेशन मिळायचं. बॉट गेले, खालच्या क्रमांकांची इम्प्रेशन्स गेली, म्हणून सरासरी पोझिशन 'सुधारली'. पडताळणी सोपी आहे: ऑगस्ट आणि ऑक्टोबर २०२५ची तुलना लावा, मग डिव्हाइसनुसार बघा. डेस्कटॉपची इम्प्रेशन्स कोसळली, मोबाइलची फारशी नाही आणि त्या दोन महिन्यांत क्लिक्सना तसा खड्डा नाही, तर हेच कारण. क्लायंटला हा एकच स्क्रीनशॉट पुरतो.

क्लिक्सची उतरण मात्र खरी असू शकते. एआय ओव्हरव्ह्यू (निकालांच्या वर एआयने दिलेलं तयार उत्तर) भारतात ऑगस्ट २०२४ पासून आहेत, एआय मोड (गप्पांसारखा एआय शोध) जुलै २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला. सर्च कन्सोल हे आकडे वेगळे देत नाही, एकूणात मिसळतो. तेव्हा आडून मोजायचं. क्वेरी फिल्टरमध्ये रेजेक्स (एकदम अनेक शब्द शोधायचा नमुना) निवडा आणि 'किती', 'कसा', 'कोणता', 'फरक' हे शब्द उभ्या रेघेने जोडून टाका. रोमनमधली रूपंही घाला, लोक मराठी प्रश्न तसेही टाइप करतात. दुसऱ्या खेपेस 'दुरुस्ती', 'किंमत', 'जवळ' आणि गावांची नावं. तुलना मोबाइलवरच करा, डेस्कटॉपला बॉटचा डाग आहे. पहिल्या गटात पोझिशन आणि इम्प्रेशन्स जागेवर, क्लिक्स निम्मे. दुसरा गट शाबूत. असं दिसलं तर उत्तर गूगलच्याच पानावर मिळतंय, रँकिंग गेलेलं नाही.

एक घाई करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचाच डेटा ठेवतो आणि पडद्यावर १,००० ओळीच देतो. बिगक्वेरीची (गूगलच्या डेटा साठवणीची) निर्यात आजच सुरू करा. ती मागचं काही भरून देत नाही, सुरू केल्या दिवसापासूनच साठवते. जुनं एपीआयने (प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवून) उतरवून घ्या.

ओटीवरून
ते ४० लेख नकोत. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात, रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात पाडलेल्या निरुपयोगी मजकुराचं वेगळं कलम आहे. मजकूर माणसाने लिहिलाय की यंत्राने, याला तिथे महत्त्व नाही. शिवाय 'चार माणसांना किती लिटर' याचं उत्तर ओव्हरव्ह्यू एका ओळीत देतो, त्यावर एकेचाळिसावा लेख कोण उघडणार?

याउलट हे बघा. बोअरचं पाणी जड असेल तर फ्लॅट प्लेट (सपाट पॅनेलच्या) हीटरच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात, पाणी कोमट येऊ लागतं; अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा हीटर बरा पडतो. कुठल्या भागात कोणत्या तक्रारी येतात, हे क्लायंटच्या दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या जॉबकार्डांवरून (प्रत्येक दुरुस्तीच्या नोंदींवरून) महिन्याला चार पानं करा, फोटो आणि खर्चाच्या आकड्यांसकट. एआयकडून जॉबकार्डांची वर्गवारी करून घ्या, लिहिणं हातात ठेवा.

गोदाकाठची
धन्यवाद, डेस्कटॉपचं अगदी तसंच निघालं. माझ्यामागे कुणीतरी रोबोट्स फाइलमध्ये (कोणत्या बॉटने साइट वाचावी ते सांगणारी फाइल) गूगल-एक्स्टेंडेड, जीपीटीबॉट आणि ओएआय-सर्चबॉट (पहिला गूगलचा, बाकी दोन चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचे) तिन्ही अडवलेत, 'एआय चोरी करतं' म्हणून. ठेवू की काढू?

आकडेमोड
तिन्हींची कामं वेगळी. गूगल-एक्स्टेंडेड अडवल्याने ओव्हरव्ह्यू थांबत नाहीत, ते गूगलबॉटवर (गूगल शोधाच्या नेहमीच्या बॉटवर) चालतात. तिथून बाहेर पडायचं तर नोस्निपेट (पानातला उतारा दाखवू नका, असं सांगणारी खूण), आणि मग साध्या निकालाखालचं वर्णनही जातं. जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी, तो अडवायचा की नाही हे क्लायंटने ठरवावं. ओएआय-सर्चबॉट मात्र आजच मोकळा करा, तो अडवला की चॅटजीपीटीच्या शोधातून साइट बाहेर.

मग जीए४ (गूगल ॲनालिटिक्स, साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) मध्ये चॅनल ग्रुपची (भेटी कुठून आल्या त्या वर्गवारीची) प्रत काढून त्यात 'एआय सहाय्यक' चॅनल बनवा: सोर्समध्ये चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी, जेमिनाय, कोपायलट. आणि त्याला ओढून रेफरलच्या (दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेल्या भेटींच्या) वर ठेवा. खाली राहिला तर सगळं रेफरलच गिळतं आणि चॅनल रिकामा दिसतो; ही चूक फार होते. ॲपमधून आलेल्या काही भेटी तरीही डायरेक्टमध्येच (स्रोत न कळलेल्या भेटींत) पडतील.

लिलाववाला
पेडबद्दल. निव्वळ बोली लावणं शिकण्यात आता वेळ घालवू नका ताई, ते स्मार्ट बिडिंग (गूगलची आपोआप बोली लावायची सोय) करतं. त्याला खाऊ काय घालायचं, ते शिका. या क्लायंटकडे फॉर्म भरणारे निम्मे लोक नुसती चौकशी करणारे असतील, तर यंत्र तसलेच आणखी शोधून आणतं. फॉर्ममध्ये लपलेलं फील्ड ठेवून जीसीएलआयडी (जाहिरातीवरच्या प्रत्येक क्लिकचा गूगलने दिलेला आयडी) साठवा, हीटर बसवला की तो आयडी, तारीख आणि रक्कम गूगल ॲड्समध्ये परत चढवा. ऑटो-टॅगिंग (हा आयडी यूआरएलला आपोआप जोडायची सोय) चालू हवं आणि क्लिक ९० दिवसांहून जुनी नको. पहिल्या पानावरून फॉर्मच्या पानावर जाताना यूआरएलमधला आयडी गळतो, म्हणून तो कुकीत (ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत) धरा. नव्वद टक्के ठिकाणी गाडी इथेच अडते.

तासाचा हिशोब: दोन महिने बिगक्वेरीपुरतं एसक्यूएल (डेटाला प्रश्न विचारायची भाषा), एक महिना टॅग मॅनेजर (साइटवर मोजणीचे कोड बसवायचं गूगलचं साधन), मग ही ऑफलाइन कन्व्हर्जन्स (साइटबाहेर झालेली विक्री ॲड्समध्ये परत चढवणं). ऑरगॅनिक आणि पेड दोन्हींचा पैसा एका तक्त्यात मांडणारी बाई एजन्सीला सहज बदलता येत नाही.

ओटीवरून
क्रमाशी सहमत नाही. टॅग मॅनेजर आधी. चुकीचा डेटा एसक्यूएलने नीट होत नाही.

आणि 'जीईओ तज्ज्ञ' (एआयच्या उत्तरांत साइट आणणारा) पदाच्या जाहिराती दिसल्या तर बिचकू नका. एआय ओव्हरव्ह्यूसाठी वेगळं मार्कअप (पानाच्या कोडमधल्या खुणा) किंवा खास एआयसाठीची टेक्स्ट फाइल लागत नाही, असं गूगलनेच लिहून ठेवलंय. कामात नऊ आणे तेच जुनं आहे: पान क्रॉल होतंय का (बॉटला वाचता येतंय का), मजकूर जावास्क्रिप्टशिवाय (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडशिवाय) दिसतो का (बरेच एआय बॉट ती चालवत नाहीत), आणि पहिल्या दोन वाक्यांत उत्तर आहे का.

'नजर फिरव'वालं काम मात्र तोंडी घेऊ नका. पद, जबाबदारी, अप्रेझलची मापं ईमेलवर मागा. इम्प्रेशन्स हे माप असेल तर आधी काढायला लावा, नाहीतर सप्टेंबरचा खड्डा मार्चमध्ये तुमच्याच नावावर चढेल.