रहस्यकथेत लेखकाने वाचकापासून पुरावा लपवावा का?

मांजराकाठ, लातूर
पाडव्याला मी वहीत वर्षभराची वाचनयादी लिहिते. यंदा तिच्यात रहस्यकथा मुद्दाम जास्त घेतल्या आणि गेल्या तीन महिन्यांत लागोपाठ वाचल्या. अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरची १९२६ची कादंबरी, जपानी लेखक केइगो हिगाशिनोची 'सस्पेक्ट एक्स', शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेशच्या कथा आणि वडिलांच्या पेटीतल्या बाबूराव अर्णाळकरांच्या चार पातळ कादंबऱ्या.

वाचून एक मत पक्कं झालंय. गुप्तहेराला सापडलेली वस्तू वाचकालाही तिथल्या तिथे दिसली पाहिजे. खिशात काय टाकलं ते लपवून शेवटच्या प्रकरणात 'हे बघा बटण' म्हणणं ही वाचकाची फसवणूक आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांतही हा नियम आहे. ख्रिस्तीबाईंच्या त्या कादंबरीवर तेव्हा फसवणुकीचा आरोप झाला होता. मी मात्र ती संपवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. एकही वाक्य खोटं नाही! सगळं डोळ्यांपुढे मांडलेलं होतं, मीच बघितलं नव्हतं. असं हरायला मला आवडतं. अर्णाळकरांच्या ज्या चार वाचल्या, त्यांत ही संधीच मिळाली नाही. तुमचं काय मत?

(शेवट कुणी फोडू नका, ही विनंती.)

दुधना, सेलू
ताई, अर्णाळकरांवर अन्याय करायलात तुम्ही. त्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या कोणासाठी लिहिल्या ते बगा की. आमचे आबा जागलीला जायचे. जोंधळा हुरड्यात आला की रानडुकरं येतात, रातभर माळ्यावर बसावं लागतं. सोबतीला कंदील आन् अर्णाळकरांचे नायक, झुंजार नाहीतर काळा पहाड. ते म्हणायचे, दुसरं कोणतंबी पुस्तक घेतलं की डुलकी लागायची, ह्याच्यानं नाही. पुस्तक फाटेस्तोवर चार वस्त्यांवर फिरायचं. आबा चौथी शिकलेले. पुढं त्यांनी ज्ञानेश्वरी वाचली, पण सलग वाचायची सवय झुंजारनं लावली.

झुंजार दारामागं उभा राहिला की पुढं काय होतंय, यातच जीव अडकायचा. बटण कोणत्या पानावर सापडलं हे कोण मोजत बसतंय? तुम्ही कोडं शोधायला गेलात, त्या कथा धाडसाच्या हायेत.

मांजराकाठ, लातूर
दुधनाभाऊ, माळ्यावरचे आबा डोळ्यांसमोर उभे राहिले. धाडसकथा म्हणून वाचल्या तर माझी तक्रार मागे घेते. पण मग त्यांना रहस्यकथा का म्हणायचं?

पूर्णा, वसमत
याच नावामुळे आपल्याकडे घोळ होतो. रत्नाकर मतकरींची गूढकथा, नारायण धारपांची भयकथा आणि अर्णाळकरांची रहस्यकथा वाचनालयात एकाच फळीवर असतात. मतकरींच्या कथेत उलगडा अर्धाच राहिला तरी चालतं, तिथे न उलगडलेलंच अंगावर येतं. नियम लावायचाच तर फक्त शोधकथेला लावा.

मन्याड, कंधार
मला ताईंचं म्हणणं मुळातच पटत नाही. तुमच्या यादीतलीच 'सस्पेक्ट एक्स' घ्या. खून कोणी केला, कसा केला, हे सुरुवातीच्या प्रकरणातच आपल्यासमोर घडतं. शेजारचा गणिताचा शिक्षक मदतीला येतो तेही दिसतं. तरी शेवटी आपण पुरते फसतो, कारण लेखकाने एक मोठी गोष्ट आपल्यापासून दूर ठेवलेली असते. तुमच्या नियमाने ही फसवणूकच झाली. हिला २००५चा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि तिकडच्या रहस्यकथाकारांमध्येच वाद पेटला की हिला 'होन्काकु', म्हणजे अस्सल कोड्याची रहस्यकथा, म्हणायचं का. वाचकाला उत्तर काढण्याइतके पुरावे दिलेले नाहीत, असा आक्षेप होता.

मी नववी-दहावीला गणित शिकवतो. वर्गात कोणीच मान वर करून बघत नाही असा गणिताचा मास्तर मला माहीत आहे, मीही कितीदा तसाच उभा असतो. त्या शिक्षकाने जे केलं ते का केलं हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. पुरावा कोणत्या पानावर होता हा प्रश्न मनातही आला नाही. माणूस कळला की बास. तुम्ही रहस्यकथेला प्रश्नपत्रिका करून टाकताय.

मांजराकाठ, लातूर
सर, रडले मीही. पण ते रडू खरं वाटलं त्याचं कारणच वेगळं आहे. पुन्हा चाळून बघा. शिक्षकाचं रोजचं कामावर जाणं, पुलाजवळची बेघर माणसं, परीक्षेत भूमितीचा वाटणारा पण खरं तर दुसऱ्याच प्रकरणाचा प्रश्न काढायची त्याची सवय, हे सगळं आधी येऊन गेलंय. पुराव्याशिवाय तो त्याग एकदम समोर आणला असता, तर तुम्ही अंगणात जाऊन बसला असता का? नसता, असं मला वाटतं.

मन्याड, कंधार
भूमितीचा प्रश्न मला आठवतो, पण तो दुसऱ्या वाचनात कळला. पहिल्या वाचनात ज्याचा उपयोग नाही, त्याला पुरावा म्हणायला मी तयार नाही.

बिंदुसरा, बीड
तुम्ही दोघं पुस्तकावर भांडताय, मी घरावर येते. १८४१ साली एडगर अ‍ॅलन पोने शोधकथा सुरू केली तीच आतून बंद असलेल्या खोलीपासून. तेव्हापासून बंद खोली हा या प्रकाराचा लाडका विषय. पण आमचं आजोळचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. प्रत्येक खोलीच्या छताला सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. दाराला आतून कडी असली तरी वरून माणूस उतरू शकतो, आणि गल्लीतली माळवदं एकमेकांना चिकटलेली, या टोकाचा त्या टोकाला जमिनीवर पाय न ठेवता जातो.

आता समजा आमच्या गावावर कोणी कादंबरी लिहिली आणि खुनी सवण्यातून उतरला. फ्लॅटमध्ये वाढलेला वाचक म्हणेल, फसवलं, हे भोक आधी कुठे सांगितलं? माझी मावशी म्हणेल, यात कसलं रहस्य, पहिल्या पानावरच कळलं की. मग समोर ठेवलेला पुरावा म्हणजे नेमका कोणासमोर ठेवलेला?

मांजराकाठ, लातूर
बिंदुसराताई, हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. इंग्लंडातली ती घरं, अभ्यासिका, खिडकीखालचे ठसे, हे मला पुस्तकांनीच शिकवलं, आणि मी ते सगळ्यांना माहीतच असतं असं धरून चालले होते. तरी मी हटणार नाही. लेखकाने सवणं आधी दाखवावं, पण 'हे बघा भोक' असं नको. दुपारी खोलीत म्हातारी पडलेली आहे, जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा आहे, तो सरकत तिच्या पायाशी आला की ती उठून चहाला आधण ठेवते. एवढं पुरे. मुंबईच्या वाचकालाही ऊन दिसलं आणि ते कुठून आलं हे त्याने विचारायला हवं होतं. तुमच्या मावशीलाही तो कवडसा इतका रोजचा, की तिचंही लक्ष जाणार नाही.

दुधना, सेलू
हे मातर पटलं. आबाबी थांबून वाचले असते.

मन्याड, कंधार
कवडसा मान्य. पण ती म्हातारी कोण, तिला मारावंसं कोणाला वाटलं, ते आधी ठरवा.

बिंदुसरा, बीड
आणि खून पावसाळ्यात ठेवला तर? तेव्हा सवण्यावर फरशी ठेवून वर माती लिंपतात, कवडसा नाही. पण भिंतीतलं बळद उरतं. धान्य ओतायचं त्याचं तोंड वर माळवदावर, काढायचं भोक खाली खोलीत. रझाकाराच्या वेळी आजीला आणि तिच्या नणंदेला दिवसभर त्यात बसवलं होतं, ती सांगायची. वरून ज्वारीची रिकामी पोती टाकली होती. म्हणजे आत माणूस मावतो, आणि हे घरातल्या बायकांनाच माहीत असतं.