प्रतिसाद: शाल कपाटात, बाबा ऑफिसात

पंचेचाळिशीत नोकरी सोडून मोकळं व्हावं, असं ज्या लेखाला मी हा प्रतिसाद देतेय त्यात म्हटलंय; ते मनाला पटतं, खिशाला नाही. आमच्या इंदूरची गोष्ट सांगते. मार्च २०१८ च्या अखेरीस मध्य प्रदेश सरकारने कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६२ केलं. बाबांच्या निरोपाची शालसुद्धा आणून झाली होती; ती दोन वर्षं कपाटात पडली. आई चिडली, काशीला जायचं ठरलं होतं. बाबा मात्र खूश! "घरी बसून काय रोज पोहे-जलेबी खायची?"

त्यांना पेन्शन ठरलेली होती, हेही खरं. मी राज्य सरकारी नोकरीत लागले २००५ नंतर, म्हणजे एनपीएसवाली (राष्ट्रीय पेन्शन योजना; यात पेन्शनची रक्कम आधी ठरलेली नसते, ती साठलेल्या पैशांवर अवलंबून). निवृत्तीच्या वयाआधी नोकरी सोडली, तर साठलेली रक्कम अगदीच किरकोळ नसेल तेव्हा तिच्यातले किमान ८० टक्के ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक काळाने पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, घालावे लागतात. हातात उरतात २०. तेवढ्यात मुलीची फी आणि रामबागेतल्या जुन्या घराचं छप्पर, दोन्ही कसं भागवायचं?

बंगलोरला आयटीत असलेला माझा भाऊ मात्र पन्नाशीची तारीख ठरवून बसलाय. वहिनीला अजून सांगितलेलं नाही म्हणे.