शाळेत असताना काढलेला बँड : आपले अनुभव लिहावेत

माझी भाची नववीत आहे आणि तिने तीन मैत्रिणींबरोबर बँड काढायचे ठरवले आहे. गिटार कोणती घ्यावी आणि बँडचे नाव काय ठेवावे, असे दोन प्रश्न तिने मला विचारले. शाळेत असताना आमचाही बँड होता आणि तो चौदा महिने टिकला. त्यावरून मला वाटते की हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. परंतु आधीचा प्रश्न कोणता, हे एकट्याच्या आठवणीवरून सांगण्याचे धाडस मला होत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

शाळकरी वयात सुरू होऊन जगभर गाजलेल्या बँडांच्या कथा आपण ऐकलेल्या आहेत. जॉन लेननने शाळासोबत्यांना घेऊन ‘द क्वारीमेन’ काढला आणि जुलै १९५७ मध्ये पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी त्याला भेटला; त्यातून पुढे ‘बीटल्स’ झाला. डब्लिनमधल्या एका शाळेच्या सूचनाफलकावर १९७६ मध्ये चौदा वर्षांच्या लॅरी मलनने वादक हवे असल्याची चिठ्ठी लावली, त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात मुले जमली आणि त्यातून पुढे ‘यू टू’ उभा राहिला. या कथांचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्यांतल्या पहिल्या सहा महिन्यांकडे कोणी फारसे बघत नाही. मला त्या सहा महिन्यांविषयी आणि न गाजलेल्या बँडांविषयी वाचायचे आहे. उपदेश नको, घडलेले लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. आम्ही पाच जण होतो आणि त्यांतल्या तिघांना गिटारच वाजवायची होती. नावावरून आम्ही जवळजवळ दोन महिने वाद घातला, वह्यांच्या मागच्या पानांवर बोधचिन्हे काढली, आणि पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो तेव्हा कळले की तीन गिटारी तीन निरनिराळ्या सुरांत लागलेल्या आहेत. प्रत्येकाने घरी आपापल्या कानाने तारा जुळवल्या होत्या आणि एकट्याने वाजवताना कोणालाच काही खटकले नव्हते. मग एकच ट्यूनर हातोहात फिरवून, ४४० हर्ट्‌झचा ‘ए’ हा स्वर प्रमाण मानून सगळ्यांनी तारा पुन्हा लावल्या. सरावाचा अर्धा वेळ त्यातच गेला आणि तो वाया गेला असे तेव्हा आम्हाला वाटले.

*

आमच्याकडेही गिटार सगळ्यांनाच हवी होती. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, मी हरले आणि बेसवादक झाले. चार तारांच्या या खालच्या सुरांच्या गिटारला मी दुय्यम समजत असे आणि पहिले काही आठवडे रुसूनच वाजवत होते. बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झची, म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली असते. छोट्या स्पीकरवर ती नीट ऐकूही येत नाही. त्यामुळे मी काय वाजवते याकडे कोणाचे लक्ष नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

एकदा मी सरावाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी ड्रम वाजवणारा मित्र म्हणाला की काल गाणे पोकळ वाटत होते. त्यानंतर आम्ही दोघांनीच आठवड्यातून एक तास वेगळा सराव सुरू केला. त्याच्या पायाखालच्या मोठ्या ड्रमचा ठोका आणि माझा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर एकाच क्षणी पडला पाहिजे, एवढे एकच काम आम्ही करत असू. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारे यंत्र, मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवायचा, कंटाळा येईपर्यंत वाजवायचे आणि मग चार-चार ठोक्यांनी वाढवायचा. दोन महिन्यांनी गिटारवादकाने विचारले की तुम्ही काही नवीन वाद्य आणले आहे का. आम्ही काहीही आणलेले नव्हते. आपल्या भाचीला एवढेच सांगावे की चिठ्ठीत हरणाऱ्या मुलीने फार वाईट वाटून घेऊ नये.

*

मी ड्रमवादक. शेजाऱ्यांच्या तक्रारी सर्वांनीच अनुभवल्या असतील, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहीत नाही. रबरी सरावफळी आणि ड्रमवर पसरलेले जाड कापड यांनी तो प्रश्न बराचसा सुटतो. आमचा खरा प्रश्न खोलीच्या आतल्या आवाजाचा होता. गिटारवादकाला स्वतःचे वादन ऐकू येईना म्हणून त्याने अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) वाढवला, गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून ती ओरडू लागली, आणि त्या दोघांवर मात करायची म्हणून मी हात आणखी उचलू लागलो. सराव संपवून बाहेर आलो की कानांत शिट्टी वाजत राही. आम्हाला त्याचे कौतुकच वाटे.

एकदा ती शिट्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली नाही, तेव्हा मी घाबरलो आणि चौकशी केली. कानांच्या संरक्षणासाठी बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा एक ठोकताळा असा आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालू शकतो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात, आणि लहान खोलीत ड्रम व अॅम्प एकत्र वाजले तर तेवढा आवाज सहज होतो. आम्ही दोन तास वाजवत होतो.

उपाय अगदी साधा निघाला. गिटारचा अॅम्प जमिनीवर, वादकाच्या पायांशी होता. म्हणजे त्याचा आवाज वादकाच्या गुडघ्यांना आणि समोर बसलेल्या माझ्या कानांना ऐकू येत होता. तो खुर्चीवर ठेवून किंचित तिरका केला, तेव्हा तोच वादक आपण होऊन बटण मागे फिरवू लागला. शिवाय सर्वांनी वादकांसाठीचे कानबोळे वापरायला सुरुवात केली. आधी आम्ही त्यांना हसलो होतो.

*

मी गायचो. बँड सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि वरच्या पट्टीतली गाणी मला सहज जमत, म्हणून तीच आम्ही निवडली होती. वर्षभरात माझा आवाज फुटला. ध्रुवपदातला सर्वांत उंच सूर एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी मध्येच चिरकला. मी हे कोणाला सांगितले नाही. जवळजवळ महिनाभर घसा दुखतो असे सांगून मी फक्त गुणगुणत राहिलो, आणि मित्रांना वाटले की माझा रस संपला आहे. एकाने तर दुसरा गायक शोधायलाही सुरुवात केली होती.

शेवटी रडकुंडीला येऊन मी खरे बोललो. गिटारवादक क्षणभर विचारात पडला आणि त्याने गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर लावलेला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, काढून बाजूला ठेवला. बोटे तीच, कॉर्डचे आकार तेच, पण गाणे तीन अर्धस्वर खाली आले आणि मला ते पुरे गाता आले. महिनाभर मी ज्याची लाज बाळगली, ते काम दहा सेकंदांचे होते. अर्थात कॅपोने स्वर फक्त वर नेता येतो, त्यामुळे आधीपासून कॅपो नसलेल्या गाण्यांच्या कॉर्ड नव्याने बसवाव्या लागल्या आणि त्याला वेळ लागला. पुढे दोनेक वर्षे आम्ही दर तीन-चार महिन्यांनी प्रत्येक गाण्याची पट्टी तपासत असू. ज्यांच्या बँडमध्ये या वयाचा मुलगा गातो, त्यांनी ‘तुला कोणती पट्टी सोयीची आहे’ हे आपण होऊन विचारावे. तो सांगणार नाही.

*

आमचा बँड तीन आठवडे टिकला. खोली ज्याची, अॅम्प त्याचा. अॅम्प ज्याचा, गाणी त्याच्या पसंतीची. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

*

वरील प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. आमचे भांडण बँड मोडल्यानंतर झाले. मी आणि एका मैत्रिणीने मिळून दोन गाणी रचली होती. शब्द माझे, चाल बरीचशी तिची, आणि मधला गिटारचा तुकडा तिसऱ्याच कोणाचा. परीक्षेमुळे सराव थांबला, मग बँडही थांबला, आणि वर्षभराने तिने नव्या मंडळींबरोबर त्यातले एक गाणे वाजवले. मला फार लागले. तिचे म्हणणे होते की चाल तिची आहे, आणि ते खोटे नव्हते. रचलेले गाणे ही एक गोष्ट आणि त्याचे ध्वनिमुद्रण ही दुसरी, दोहोंचे हक्क वेगवेगळे असतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. गाणे पूर्ण झाले त्याच दिवशी वहीत तारीख घालून, कोणी काय रचले आणि उद्या वेगळे झालो तर ते कोण वाजवू शकेल, अशा चार ओळी लिहिल्या असत्या तर आमची मैत्री कदाचित वाचली असती.

*

मी शाळेत संगीत शिकवते आणि मुलांचे बँड बाहेरून पाहते. बहुतेक मुले गाण्याची सुरुवात पन्नास वेळा वाजवतात, मध्ये कोठेतरी चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यामुळे सुरुवात उत्तम होते आणि शेवट कोणालाच येत नाही; रंगमंचावर एक जण थांबतो, दुसरा आणखी एक फेरी वाजवतो आणि तिसरा दोघांकडे पाहत राहतो. मी त्यांना शेवटच्या आठ मात्रांपासून सराव सुरू करायला लावते. पहिल्या कार्यक्रमाला तीन गाणी पुरेत, पण तिन्ही एकत्र संपली पाहिजेत.

आणखी एक निरीक्षण आहे. एकत्र जमता येत नाही म्हणून काही मुले इंटरनेटवरून आपापल्या घरी बसून सराव करू पाहतात आणि एकमेकांना बेताल ठरवून भांडतात. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर दूर उभ्या असलेल्या वादकाचा ठोकाही सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यानेच लय जड होऊ लागते. व्हिडिओ कॉलवरचा उशीर याच्या कित्येक पट असतो. तेथे गाणी निवडावीत, शब्द पाठ करावेत, पण एकत्र वाजवण्याचा हट्ट धरू नये.

*

धागाकर्ता : सर्वांचे आभार. भाचीने प्रतिसाद वाचले आणि तिचा पुढचा प्रश्न बेसविषयी आहे. चौघींपैकी कोणालाही बेस वाजवायचा नाही आणि चिठ्ठ्या टाकायचीही तयारी नाही. मग कीबोर्डवर डाव्या हाताने ते काम भागेल का?

*

चिठ्ठीत हरलेली बेसवादक : भागेल. ‘द डोअर्स’ या अमेरिकन बँडमध्ये रे मँझारेक प्रत्यक्ष कार्यक्रमांत डाव्या हाताने कीबोर्डवर बेस वाजवत असे. मात्र डाव्या हाताने एका वेळी एकच स्वर धरावा, नाहीतर खालचा आवाज गढूळ होतो. आणि कीबोर्ड वाजवणारीने ड्रमवालीच्या शेजारी, तिचा पाय दिसेल असे बसावे.