जावावाल्याने हास्केल कुठून सुरू करावं?

सातपूरकर: बरीच वर्षं जावात काम चालूय, आता हास्केल ही फंक्शनल भाषा शिकायला घेतलीय पण फॉर लूपच नाही म्हटल्यावर हात बांधल्यासारखं होतंय राव. नाशकात कोणी करतंय का?

गंगापूररोडवाला: लूप विसर, आधी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) मग फोल्ड (अख्खी लिस्ट गुंडाळून एक उत्तर काढणं). जावा ८ पासूनचे स्ट्रीम वापरलेत ना, मॅप-फिल्टर (प्रत्येक आयटम बदलणं, हवे ते गाळून घेणं) तेच. फक्त इथे सगळं लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत काही मोजत नाही; ‘टेक १०’ (पहिले दहा घे) ला १ पासून न संपणारी लिस्ट दिली तरी अडकत नाही, लागतात तेवढेच आकडे काढतो. पण फोल्ड-एल (foldl, डावीकडून फोल्ड) ने मोठी बेरीज करताना ऑप्टिमायझेशन बंद असेल तर मेमरी फुगते, म्हणून लगेच मोजत जाणारा फोल्ड-एल-प्राइमच (foldl') घे.

पंचवटी_कोडर: मोनाडवरचे (कामं एकामागून एक जोडायची हास्केलची पद्धत) लेख आत्ताच नको, डोकं उठेल. मेबी (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा टाइप) म्हणजे साधारण जावातला ऑप्शनल, तिथून घुस. जीएचसीआयमध्ये (हास्केल ओळीओळीने चालवून बघायचा प्रॉम्प्ट) प्रत्येक गोष्टीचा टाइप बघत बस.

सातपूरकर: हे जमेल. रविवारी कॉलेज रोडला चहा? लॅपटॉप आणतो.