विषय: किसुटूला सोमवारी एवढे पोलिस कशाला?

मिकोचेनीहून, मंगळवार १७ जून २०२५

नमस्कार मंडळी,
काल सकाळी किसुटूला मेथी आणायला गेले होते, कोर्टाच्या अलीकडेच पोलिसच पोलिस, आणि बजाजीवाला, म्हणजे रिक्षावाला, म्हणतो 'लेओ केसी या लिस्सू, रुदी न्युम्बानी', म्हणजे आज लिस्सूची केस आहे, घरी परत जा. गेले बापडी परत. आम्हाला टांझानियात, दार-ए-सलाममध्ये, जेमतेम आठ महिने झालेत त्यामुळे प्रश्न बावळट वाटेल, पण हा लिस्सू कोण? यांच्या ऑफिसात विचारलं तर सगळे एकदम गप्प.

---

उपांगाहून अप्पा

ताई, गप्प बसणारच.

टुंडू लिस्सू. सिंगिडाकडच्या महांबे गावचा, जन्म १९६८. दार युनिव्हर्सिटीत लॉ केलं, मग इंग्लंडला वॉरिकमध्ये मास्टर्स. राजकारणी नंतर, आधी वकील. स्वाहिलीतही वकील म्हणजे 'वाकिली' बरं का, हक्क म्हणजे 'हाकी' आणि सरकार म्हणजे 'सेरिकाली', अरबी-फारसी आपल्याकडे आली तशी इथे झांजीबारमार्गे आली, असो, विषयांतर झालं.

तर हा पर्यावरणवाल्या वकिलांच्या संस्थेत होता आणि त्याने हात घातला थेट सोन्याच्या खाणीला. बुल्यानहुलूला १९९६ च्या ऑगस्टमध्ये छोट्या खाणकामगारांना हुसकावलं तेव्हा पन्नासच्या वर माणसं खड्ड्यांत जिवंत बुजवली गेली असा आरोप होता, सरकारने आणि कंपनीने साफ नाकारला, पुढे वर्ल्ड बँकेच्या लोकपालालाही पुरावा सापडला नाही, पण हा चौकशी करा, चौकशी करा म्हणून मागेच लागला आणि बक्षीस म्हणून स्वतःच राजद्रोहाच्या केसमध्ये अडकला. २०१० ला चाडेमा या विरोधी पक्षातून खासदार. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुलींना 'दिक्तेता उच्वारा' म्हणाला, म्हणजे फुटकळ हुकूमशहा, की पुन्हा केस. मला वाटतं 'हुकूमशहा' एक वेळ चाललं असतं, 'फुटकळ' झोंबलं.

२०१७ साल तर विचारूच नका. मार्चमध्ये वकिलांच्या संघटनेचा, टांगानिका लॉ सोसायटीचा अध्यक्ष झाला. ऑगस्टमध्ये यानेच फोडलं की सरकारी एअरलाइनसाठी घेतलेलं नवीन बॉम्बार्डियर विमान जुन्या थकबाकीपायी कॅनडात अडकवून ठेवलंय. आणि ७ सप्टेंबरला, डोडोमात, संसदेचं सकाळचं सत्र आटोपून घरी पोचतोय तोच गाडीवर गोळीबार. भर दिवसा, खासदारांच्या कॉलनीत. सोळा गोळ्या लागल्या. रातोरात नैरोबीला नेलं, तिथून बेल्जियम, वीसेक ऑपरेशनं. आजपर्यंत त्या केसमध्ये एकाला अटक नाही. वर २०१९ ला स्पीकरने खासदारकी काढून घेतली, कारण काय तर गैरहजर!

२०२० ला परत आला, मागुफुलींविरुद्ध उभा राहिला, अधिकृत आकड्याने १३ टक्के मतं, मग जिवाला धोका म्हणून जर्मन राजदूताच्या घरी आसरा आणि पुन्हा बेल्जियम. मागुफुलींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मामा सामियांनी सभांवरची बंदी उठवली तेव्हा जानेवारी २०२३ ला परतला. बाकीचं यंदाचंच, ते तोंडी सांगेन.

---

सचिव

सर्वांना विनंती. ही मेलिंग लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. आपण इथे परमिटवर राहतो, पाहुणे आहोत. आषाढीला साबुदाणा किती लागेल याचे आकडे अजून चारच घरांतून आलेत त्याकडे कृपया लक्ष द्यावे.

---

मसाकीहून

सचिवसाहेब पाच मिनिटं फक्त. अप्पांनी अगदी पोवाडाच गायला म्हणून लिहितोय. लोवासाचं का गाळलंत? रिचमंडच्या वीज-कंत्राट प्रकरणात पंतप्रधानपद सोडावं लागलेला माणूस, चाडेमाने २००७ पासून त्याच्या नावाने शिमगा केला, आणि २०१५ ला त्यालाच घरात घेऊन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केलं. सरचिटणीस डॉ. स्लासारखा माणूस त्यापायी पक्ष सोडून गेला, तुमचा लिस्सू मात्र प्रचार करत फिरला. आपल्याकडे याला वॉशिंग मशीन म्हणतात. आणि यंदा जानेवारीत पक्षाध्यक्षपदासाठी आधीचे अध्यक्ष एम्बोवेंना पाडलं तेही ५१३ विरुद्ध ४८२, म्हणजे पक्ष उभा चिरलेला. सुधारणा नाही तर निवडणूक नाही म्हणत बसला, आचारसंहितेवर सही केली नाही, झालं, एप्रिलमध्ये चाडेमाच निवडणुकीतून बाद. हट्टी माणूस आहे.

---

उपांगाहून अप्पा

लोवासाचं मान्य. एकदम मान्य, मलाही तेव्हा तिडीक आली होती. हट्टी हेही मान्य, पण सोळा गोळ्या खाऊन परत येणारा हट्टी नसेल तर काय असेल.

माझा मुद्दा वेगळाच होता. हा माणूस प्रत्येक वेळी कोर्टातच का येऊन ठेपतो ते बघा. ९ एप्रिलला म्बिंगाला सभेनंतर उचलला, दुसऱ्या दिवशी किसुटूला उभा करून देशद्रोह लावला, निवडणूक होऊ देणार नाही असं बोलल्याबद्दल. इथे देशद्रोहाला जामीन नाही आणि शिक्षा फाशीची. मग तुरुंगातूनच व्हिडिओवर हजर राहा म्हणाले, हा राहिला नाही, आणा मला कोर्टात म्हणाला. आणि परवा सोमवारी, ताई मेथीशिवाय परतल्या त्याच दिवशी, त्याने सांगितलं की वकिलांना एकांतात भेटू देत नाहीत तर माझी केस मीच लढवतो. वकिलांची फौज बाहेर बसलेली आणि हा आरोपीच्या पिंजऱ्यातून स्वतः बोलणार.

आपल्याला हे नवीन आहे का? १९०८ ला टिळकांनी मुंबई हायकोर्टात स्वतःच बाजू मांडली, एकवीस तास बोलले. कलम वेगळं, काळ वेगळा, मी बरोबरी करत नाहीये, मसाकीकरांनी लगेच धावून येऊ नये. पण गंमत सांगतो, माझी वकिली इथे फक्त कंपनीची कागदपत्रं करण्यापुरती, तरी पहिल्यांदा इथला एव्हिडन्स ॲक्ट उघडला तेव्हा ओळखीचं घर दिसावं तसं वाटलं. हा १९६७ चा, त्याच्या आधी इथे चक्क आपला १८७२ चा इंडियन एव्हिडन्स ॲक्ट चालायचा, आणि नवा केला तोही त्याच्याच वळणावर. पुण्यात जे कलम घोकलं तेच घेऊन लिस्सू साक्षीदाराला उलटतपासणीत धरणार. मला ते ऐकायचंय, बास.

---

सचिव

अप्पा, बास म्हणजे बास हं. (ऐकायला जाणार असाल तर मंडळाचा टीशर्ट घालून जाऊ नका.)

---

मिकोचेनीहून

अप्पा खूप आभार, रात्री यांना सगळं वाचून दाखवलं. आमचा साबुदाणा दोन किलो धरा. रताळी मी आणते, सहा तारखेच्या एकादशीसाठी १ जुलैला किसुटूला जाणार होते, चालेल ना?

---

उपांगाहून अप्पा

१ ला नको ताई, केसची पुढची तारीख तीच आहे. ३० ला जा, आणि माझ्यासाठी मेथीच्या दोन जुड्या.